वैदूंकडे जाताना दोन वह्या न्या

पूर्व गुजरातेतल्या छोटाउदेपूर, कवांट, पावी जेतपूर या आदिवासी पट्ट्यातल्या वैदूंचं, म्हणजे झाडपाल्याचं औषध देणाऱ्यांचं, ज्ञान लिहून ठेवायला हवं, असं बडोद्यातल्या बऱ्याच मराठी मुलामुलींना वाटतं. कुणी वनस्पतिशास्त्र शिकतंय, कुणी समाजकार्य, कुणाला नुसती झाडापाल्याची ओढ आहे. तळमळ खरी असते, पण सुरुवात बहुतेकांची चुकीच्या टोकाने होते. मोबाइल काढायचा, वैदूला बोलतं करायचं, 'कोणत्या रोगावर कोणतं झाड' अशी यादी करायची आणि इंटरनेटवर टाकून द्यायची. यादी टाकली की आपल्याला वाटतं ज्ञान वाचलं. प्रत्यक्षात ते त्या माणसाच्या हातून गेलेलं असतं.

म्हणून पहिली गोष्ट ही: लिहिलेलं कुणाच्या ताब्यात राहणार, हे ठरल्याशिवाय पेन उघडू नका. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

लिहायचं तरी कशाला?

हळदीचं प्रकरण मराठी माणसाला सांगायला नको. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून यायला हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे सरकारच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक होते. सीएसआयआरने ते पेटंट आव्हानलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. जिंकलो ते कशाच्या जोरावर? संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने लेखी पुरावे पुढे ठेवता आले म्हणून. 'आमच्या घरोघरी हळदच लावतात' एवढ्याने भागलं नसतं.

आता हेच या पट्ट्यातल्या राठवा आदिवासी समाजाच्या एखाद्या वैदूच्या मुळीबाबत झालं तर? पुरावा कुठून आणणार? ते कुठे लिहिलेलंच नाही. म्हणजे लिहायला तर हवंच. पण सगळं उघड्यावर लिहिलं, तर औषध कंपनीला डोंगर चढण्याचीही गरज नाही, घरबसल्या वाचता येईल आणि वैदूला कुणी विचारणारही नाही. २००१ मध्ये केंद्र सरकारने पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं करायला घेतलं. तेव्हा ते सगळ्यांना खुलं केलं नाही, करार करून पेटंट तपासणाऱ्या कार्यालयांना दाखवलं. म्हणजे नोंद असावी, आणि तिला कुलूपही असावं. हे सरकारला जमतं तसं आपल्यालाही लहान प्रमाणावर जमतं.

सराव घरीच करा

वैदूकडे जाण्याआधी आपल्या आजीकडे बसा. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत अजून बाळंतिणीचा काढा, बाळाची गुटी, मुरुडशेंग उगाळून देणं हे सगळं माहीत असलेल्या बायका आहेत. आजीला विचारताना कळतं की तिला प्रमाण विचारलं तर ती 'अंदाजाने' म्हणते, पण सहाणेवर किती वळसे द्यायचे ते अचूक सांगते. प्रश्न कसा विचारायचा ते इथे शिकून घ्या. 'या झाडाचा उपयोग काय?' हा सगळ्यांत वाईट प्रश्न आहे. 'शेवटचं हे कुणाला दिलं होतं?' हा चांगला. माणूस गोष्ट सांगायला लागतो आणि गोष्टीत सगळं येतं: ऋतू, वय, पथ्य, काय चुकलं आणि मग काय केलं.

कुणाला भेटायचं

बाहेरच्या माणसाला सगळे औषध देणारे सारखेच वाटतात. राठवा गावांत बडवा हा देवाधर्माचं पाहणारा, पिठोरा देवाची चित्रं भिंतीवर काढून जो विधी करतात त्याचा प्रमुख. तो औषध देतोही, पण त्याचं औषध आणि त्याचा विधी वेगळे काढता येत नाहीत. हाडवैद वेगळा. दायण, म्हणजे आपली सुईण, वेगळी. शिवाय गावात एखादी अशी बाई असते जी कुणाचीच अधिकृत कुणी नाही, पण पोरांची पोटं बिघडली की सगळे तिच्याकडे जातात. तिला विसरू नका. नोंदी करायला येणारे पुरुष पुरुषांशी बोलून परततात आणि बायकांचं ज्ञान अर्ध्याहून जास्त सुटतं.

थेट गावात जाऊन उभे राहण्यापेक्षा छोटाउदेपूरजवळच्या तेजगढला आधी जा. गणेश देवी यांनी १९९६ मध्ये बडोद्यात भाषा संशोधन-प्रकाशन केंद्र सुरू केलं, त्याच कामातून तेजगढची आदिवासी अकादमी उभी राहिली. तिथलं 'वाचा' हे संग्रहालय नीट पाहा, आदिवासींनी स्वतःच्या वस्तू स्वतःच्या नजरेने कशा मांडल्या आहेत ते समजून घ्या. मग पुढच्या गावाची ओळख मागा. प्रतापनगर स्टेशनवरून छोटाउदेपूरची गाडी डभोई, बोडेलीमार्गे जाते. जीपपेक्षा ती बरी. डब्यातच निम्म्या ओळखी होतात.

कधी जायचं

पावसाळ्यात झाडं भेटतात, पण माणसं शेतात असतात. दिवाळीनंतर माणसं भेटतात, पण सफेद मुसळीसारख्या वनस्पतींचं जमिनीवर काही दिसत नाही. तेव्हा बोलायला दिवाळी ते होळी आणि रानात फिरायला श्रावण-भाद्रपद, असे दोन हंगाम धरा. होळीच्या आसपास, कवांटच्या घेरच्या मेळ्याच्या दिवसांत, वही घेऊन जाऊ नका. मेळा बघायला जरूर जा. फाल्गुन-चैत्रात महुडा, म्हणजे मोहाची फुलं, पडतो, पहाटेपासून घरातलं लहानमोठं माणूस फुलं वेचत असतं. त्या दिवसांत गेलात तर टोपली घ्या आणि वेचू लागा, प्रश्न राहू द्या.

पहिल्या भेटीत

वही नाही, कॅमेरा नाही. वयाने मोठ्या माणसाला 'काका', बाईला 'मासी' किंवा 'बा'. गुजराती मोडकंतोडकं असलं तरी चालतं, बडोद्याच्या मराठी माणसाचं तसंही असतंच. तुम्ही कोण, कुणाकडून आलात, या कामातून तुम्हाला काय मिळणार (पदवी, नोकरी, पुस्तक, जे असेल ते) हे स्वतःहून सांगा. समोरचा माणूस ते विचारणार नाही, पण त्याच्या मनात ते असतंच.

काही वैदू सांगतील की औषध बोलून दाखवलं की त्याचा गुण जातो. ही समजूत आपल्याकडेही आहे. तिथे वाद घालू नका आणि 'विज्ञान' समजावू नका. नाव न सांगता झाड दाखवणं, दाखवतानाही पाला चुरगळून देणं म्हणजे ओळख पटणार नाही, हे सगळं ज्ञान राखण्याचेच प्रकार आहेत. पिढ्यान्‌पिढ्या याच कुलपांवर ते टिकलं.

सांगण्याचा हक्क कुणाला?

ही पायरी जवळपास सगळेच गाळतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

केरळात अगस्त्यमलैच्या डोंगरात काणी आदिवासी राहतात. १९८७ मध्ये संशोधकांच्या एका तुकडीला वाट दाखवणाऱ्या काणी माणसांनी चालताना खायला एक फळ दिलं. थकवा गेला. त्या वनस्पतीवर, आरोग्यपच्चावर, संशोधन होऊन 'जीवनी' नावाचं औषध झालं. ते बनवायचा परवाना १९९५ च्या सुमारास कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला दिला गेला. मोबदला दहा लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के, त्यातला निम्मा वाटा काणींचा. १९९७ मध्ये त्यासाठी काणींचा विश्वस्त निधी झाला. मोबदला वाटून घेण्याचं हे जगातल्या पहिल्या उदाहरणांपैकी एक आणि कौतुकाचंच. पण काणींचे वैदू, ज्यांना प्लाथी म्हणतात, ते नाराज होते. ज्ञान सांगितलं वाटाड्यांनी, आणि सांगण्याचा मान समाजाने दिला होता तो प्लाथींना.

तुमच्याही बाबतीत हेच होणार. उत्साही तरुण भाचा सगळं सांगायला तयार असतो, म्हातारा मामा गप्प असतो. भाच्याकडून घेतलेली माहिती मामाच्या होकारापर्यंत वहीत उतरवू नका. आणि झाड एका घराचं नसून गावाचं असेल तर विषय ग्रामसभेत न्या. छोटाउदेपूर हा अनुसूचित क्षेत्राचा भाग आहे, तिथे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, ग्रामसभेचा शब्द तिथे नुसता मानाचा नाही.

परवानगी घेताना इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेऊ नका. वाचता न येणाऱ्या कागदावर अंगठा देऊन या भागातल्या माणसांनी जमिनी गमावल्या आहेत. त्याऐवजी गावातली दोन माणसं शेजारी बसवा, त्यांच्या बोलीत एकेक गोष्ट मोठ्याने विचारा आणि उत्तरं ध्वनिमुद्रित करा. नाव छापायचं की नाही? फोटो? कोणती माहिती कुणीही ऐकावी अशी, कोणती गावापुरती, कोणती फक्त शिष्याला? उद्या विचार बदलला तर नोंद काढून टाकायची का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडून 'हो' असलंच पाहिजे. ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्यांच्याच मोबाइलमध्ये तिथल्या तिथे घालून द्या.

दोन वह्या

पहिली वही झाडांची. तिच्यात क्रमांक, तारीख, जागा, वैदूने सांगितलेलं नाव जसं ऐकू आलं तसं, झाड केवढं, फूल कोणत्या रंगाचं, खोडावरची साल कशी. उपयोग एका शब्दानेही नाही.

दुसरी वही उपयोगाची. तिच्यात झाडाचं नाव नाही, फक्त पहिल्या वहीतला क्रमांक. कोणता भाग, कधी काढायचा, कसा द्यायचा, पथ्य. ही वही वैदूच्या घरी राहते. तुम्ही बडोद्याला परत नेता ती पहिली.

हे उगाच किचकट वाटेल, पण वाचनालयात, विद्यापीठात, ओळखीच्या प्राध्यापकांकडे तुमची वही फिरणारच असते. पहिली फिरली तरी काही बिघडत नाही. दुसरी फिरली तर सगळंच गेलं. दोन्ही एकाच फोनमध्ये, एकाच गूगल ड्राइव्हवर ठेवलीत तर दोन वह्या करून उपयोग नाही, हेही लक्षात असू द्या.

दुसरी वही कुणी लिहायची? शक्य असेल तर वैदूच्या घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीने किंवा मुलाने. गुजराती लिपीत, राठवी शब्दांत. तुम्ही फक्त रकाने आखून द्या. नातीने आजोबांना विचारून लिहिलं की नोंदही होते आणि शिकणंही होतं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात जर एकच गोष्ट करायची असेल तर ती ही.

झाड नक्की तेच आहे ना?

इथे घाई केली तर नोंदीला काही किंमत राहत नाही. कुड्याचंच घ्या. आवेवर कुड्याची साल देतात हे आयुर्वेदातही आहे, कुटजारिष्ट कुठल्याही दुकानात मिळतं, त्यामुळे यात कुणाचं गुपित फुटत नाही. पण कुडे दोन. पांढरा कुडा आणि काळा कुडा. दोघांना चीक पांढरा, फुलं पांढरी, शेंगा जोडीने येतात. बाजारात पांढऱ्याच्या सालीत काळ्याची भेसळ सर्रास होते. काळ्या कुड्याला गुजरातीत दूधलो म्हणतात.

शेंगा बघा. पांढऱ्या कुड्याच्या दोन शेंगा देठापासून सुट्या लोंबतात, टोकं एकमेकांपासून लांब. काळ्याच्या कोवळ्या शेंगांची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात, दोन्ही मिळून एक लांबट कडं तयार होतं आणि पिकल्यावरच ती सुटतात. बिया चाखायची गरज नाही, पण वैदू चाखूनच सांगतात: पांढऱ्याचे इंद्रजव, म्हणजे बिया, कडू, काळ्याचे गोडे. काळ्याच्या पानांपासून पूर्वी निळा रंग काढत. हे सगळं बाजूला ठेवून नुसता पानाचा फोटो काढून ॲपला विचारलंत तर ॲप काहीतरी उत्तर देईलच, आणि ते उत्तर तुमच्या वहीत कायमचं बसेल.

गुळवेलीचंही तसंच. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या एका वेलीमुळे यकृताला त्रास होऊ शकतो, असा खुलासा आयुष मंत्रालयाला २०२२ मध्ये करावा लागला.

म्हणून नमुना घ्या. फूल किंवा फळ असलेली एक डहाळी, वर्तमानपत्रात नीट पसरून, वर वजन. पावसाळ्यात कागद रोज बदला, नाहीतर बुरशी येते. वाळल्यावर फुलाचा रंग जातो, म्हणून तो वहीत आधीच लिहिलेला हवा. जाड कागदावर, साधारण २९ बाय ४२ सेंटिमीटर, तो नमुना चिकटवतात. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचं वनस्पतिसंग्रहालय बडोद्यातच आहे. तिथे जाऊन नमुना जुळवून घ्या, ठेवून घेतला तर उत्तमच. नमुन्यावरच्या चिठ्ठीत उपयोग लिहायची पद्धत आहे. तो रकाना कोरा ठेवा. कोरा का, असं विचारलं तर कारण सांगा, चांगले अभ्यासक समजून घेतात.

मूळ किंवा कंद उपटून नमुना करू नका. फोटो पुरे. आणि जांबुघोडा अभयारण्यात परवानगीशिवाय पानही तोडायचं नाही, तिथे वन्यजीव कायदा लागतो.

साल कशी काढतात ते मात्र वैदूबरोबर जाऊन बघाच. एक काका आदल्या संध्याकाळी झाडाला तांदळाचे चार दाणे वाहून 'उद्या येतो' म्हणून सांगून येतात. दुसऱ्या दिवशी खोडाच्या एकाच बाजूने तळहाताएवढी पट्टी, कोयत्याचं टोक आडवं न फिरवता, आणि उघड्या पडलेल्या जागी लगेच शेण-माती. खोडाभोवती पूर्ण साल निघाली तर झाड वरून वाळत जातं, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. त्याच रानात व्यापाऱ्यासाठी किलोवर साल काढणारा माणूस खोड पूर्ण सोलतो, कारण त्याला पुढच्या वर्षी इथे यायचं नसतं. वहीत औषधाइतकीच ही पट्टीची रीतही लिहा. तिच्यात गुपित काही नाही, ती सगळ्यांना सांगा.

पैशांचं

बरेच वैदू औषधाचे पैसे घेत नाहीत. नारळ, धान्य, कुणी दिलं तर कोंबडी. म्हणून तुम्हीही काही देऊ नये, असा अर्थ होत नाही. एका औषधाला इतके रुपये, असा भाव मात्र कधीच करू नका, मग पैशांसाठी नसलेली औषधं रचून सांगितली जातात. त्यांचा दिवस तुम्ही घेतलात तर दिवसाची मजुरी द्या, वाट दाखवणाऱ्यालाही द्या. शेतीच्या दिवसांत तर बोलतानाच ठरवून द्या.

औषध करून बघू नका

स्वतःवर नाही, दुसऱ्यावर तर अजिबात नाही. कळलावीचं फूल किती देखणं, पण सगळी वनस्पती विषारी. बिब्ब्याच्या तेलाने कातडी फोडांनी भरते. साप चावला तर १०८ ला फोन आणि सरळ दवाखाना, विषावरचं इंजेक्शन तिथेच आहे. चांगले वैदू स्वतःच तसं पाठवतात. कोणता रोगी आपला नाही हे ज्याला कळतं त्याचं ऐकावं, वैदू निवडताना माझी खूण तीच असते. 'कॅन्सर, मधुमेह मुळापासून बरा' असं लिहिलेली पाटी दिसली तर तिथून निघा. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे.

कागदावरचं संरक्षण

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. पर्यावरणाचे खटले पाहणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर देशभर या वह्या घाईघाईने भरल्या गेल्या. तलाठ्याकडे, गुजरातेत तलाटी-कम-मंत्री म्हणतात त्याच्याकडे, जाऊन तुमच्या गावाची वही मागा. शेजारच्या गावाशी ताडून बघा. दोन्हींत तीच झाडं त्याच क्रमाने असतील तर काय झालं असेल ते कळेल. मग ग्रामसभेत ती सुधारून घ्यायला मदत करा. वैदूंची नावं त्यांच्या होकाराने घालायला सांगा. गुपित माहिती त्यात येऊ नये, हेही सांगा.

२०२३ मध्ये हा कायदा बदलला, १ एप्रिल २०२४ पासून बदल लागू आहेत. ग्रंथांत आलेल्या ज्ञानाचा वापर करणाऱ्यांना लाभाचा वाटा द्यायच्या अटीतून सूट मिळाली. मला हे चुकीचं वाटतं, कारण ग्रंथांतलं बरंचसं ज्ञान मुळात रानातूनच आलं. पण वैदूचं तोंडी ज्ञान त्या सुटीत येत नाही. म्हणून ते कुणाचं आहे याची तारखेसह नोंद गावात असणं आज पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्येही पारंपरिक ज्ञानावर समाजाचा हक्क मान्य केला आहे. सामूहिक वनहक्काचा दावा भरताना गावाने तो मुद्दा स्पष्ट लिहावा.

परत जाणं

अहमदाबादच्या अनिल गुप्तांनी उभ्या केलेल्या हनी बी नेटवर्कचा एक नियम मला फार पटतो: ज्याच्याकडून शिकलात त्याचं नाव लावा आणि जे लिहिलंत ते त्याच्या भाषेत त्याला परत द्या. तेव्हा तुमचा अहवाल इंग्रजीत किंवा मराठीत झाला तरी गुजरातीत मोठ्या अक्षरांची प्रत करा, गावात बसून वाचून दाखवा. दुरुस्त्या निघतील. त्या निघाव्यात म्हणूनच वाचायचं.

जाताना रोपं न्या. वैदूला सगळ्यांत जास्त त्रास कशाचा होतो, विचारून बघा. बहुतेक वेळा उत्तर येतं की पूर्वी घरामागे मिळायचं ते आता दोन डोंगर चालून आणावं लागतं. गुळवेल बोटाएवढ्या जाडीच्या कांडीने पावसाळ्यात सहज लागते. पांढरा कुडा बियांपासून होतो, बी ताजं हवं. अडुळसा फांदीने. शहरातल्या गच्चीवर पिशव्यांत वाढवून जूनच्या शेवटी नेलीत तर पहिल्या पावसात मूळ धरतात. कुठे लावायची ते वैदूला ठरवू द्या. कुणाला शेताचा बांध हवा असतो, कुणाला देवस्थानाजवळची जागा, कारण तिथे कुणी कुऱ्हाड लावत नाही. आणि पुढच्या श्रावणात किती जगली ते बघायला जा. जी मेली त्यांच्या जागी दुसरी लावा, त्यांचे क्रमांक पहिल्या वहीत लिहा.